परसबागेतील आजारी झाडे : निदान व उपचार

घराच्या परसातील झाड हे शेतातील पिकासारखे एका हंगामाचे नसते. बियांपासून वाढविलेल्या कागदी लिंबाला फळे धरण्यास चार-पाच वर्षे लागतात. नारळाच्या उंच जातीसाठी सहा-सात वर्षे वाट पाहावी लागते. एवढ्या काळात घरच्या माणसांनी त्यास वाहून पाणी घातलेले असते, गुराढोरांपासून राखलेले असते आणि वर्षाचे लोणचे त्याच्याच भरवशावर ठरलेले असते. असे झाड ऐन फळावर आले असता पिवळे पडू लागले, म्हणजे घरची मंडळी हवालदिल होतात व घाईघाईने उपाय योजू लागतात. कोणी बुंध्याशी मूठभर युरिया टाकतो, कोणी पाणी दुप्पट करतो, कोणी शेतातून उरलेले औषध आणून फवारतो. पुष्कळ वेळा मूळ आजाराने नव्हे, तर या उपचारांनीच झाड दगावते.

न्हाणीच्या मोरीवर वाढणाऱ्या लिंबाचे उदाहरण घेतल्यास ही गोष्ट स्पष्ट होईल. साबणाचे पाणी बारा महिने तेथे साचून राहते. मातीतील हवेची जागा पाणी घेते, मुळे गुदमरतात व कुजू लागतात. कुजलेल्या मुळांना अन्न व पाणी शोषता येत नाही, म्हणून पाने पिवळी पडतात. घरधनी समजतो की झाड भुकेले आहे व त्यास खत घालतो. खतातील क्षार आधीच दुबळ्या झालेल्या मुळांना अधिकच जाळतात. वस्तुतः त्या झाडास खताची नव्हे, तर मोरीचे पाणी दुसरीकडे वळविण्याची गरज होती.

पिवळे पान हे आजाराचे नाव नव्हे. ते केवळ एक लक्षण आहे. ताप जसा हिवतापातही येतो आणि विषमज्वरातही येतो, तसेच हे होय. म्हणून औषधापूर्वी निदान व निदानापूर्वी निरीक्षण, हा क्रम झाडांच्या बाबतीतही सोडता कामा नये. शाळांच्या आवारांतून परसबागा उभ्या राहत असल्याने शिक्षकांनी हा विषय स्वतः समजून घेणे व विद्यार्थ्यांकडून त्याचे निरीक्षण करवून घेणे उपयुक्त ठरेल.

निदानाचा क्रम

आजारी झाडाजवळ गेल्यावर प्रथम चार प्रश्नांची उत्तरे शोधावीत.

पहिला प्रश्न : आजार एकाच झाडाला आहे की शेजारच्या निरनिराळ्या जातींच्या झाडांनाही आहे? लिंबू, पेरू व जास्वंद ही तिन्ही झाडे एकाच वेळी सुकू लागली, तर कारण बहुधा जमिनीत, पाण्यात किंवा हवेत असते. रोग व किडी बहुतेक ठराविक जातींनाच निवडतात.

दुसरा प्रश्न : सर्व झाड आजारी आहे की एकच फांदी? एकच फांदी वाळत असल्यास त्या फांदीची साल, तिचा सांधा व तिच्यावरील छिद्रे तपासावीत. सर्व झाड एकदम मरगळले असल्यास लक्ष बुंध्याकडे व मुळांकडे वळवावे.

तिसरा प्रश्न : आजार अकस्मात आला की हळूहळू? चार दिवसांत सुकलेल्या झाडाची मुळे कुजलेली, तुटलेली किंवा औषधाने जळलेली असण्याचा संभव अधिक. वर्षभर हळूहळू खंगणारे झाड अन्नद्रव्यांच्या उणिवेने, कोंडलेल्या मुळांनी किंवा खोड पोखरणाऱ्या किडीने पीडलेले असते.

चौथा प्रश्न : गेल्या वर्षभरात झाडाभोवती काय बदलले? हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. परंतु उत्तर पुष्कळदा येथेच सापडते. अंगणात कोबा घातला गेला असेल, घराच्या दुरुस्तीचा चुना व राबिट बुंध्याशी टाकले गेले असेल, नळासाठी चर खणताना मुळे तुटली असतील, किंवा वाळत घालावयाच्या कपड्यांची तार खोडाला बांधलेली असेल.

यानंतर फांदी जिवंत आहे की मेली, हे पाहावे. नखाने किंवा चाकूच्या टोकाने साल किंचित खरवडावी. आतील थर हिरवा व ओलसर असल्यास फांदी जिवंत आहे. तपकिरी व कोरडा असल्यास मृत आहे. शेंड्याकडून बुंध्याकडे येत असे दोनचार ठिकाणी पाहिले, म्हणजे जीव कोठपर्यंत शिल्लक आहे ते कळते. पानगळ झालेले झाड तोडण्यापूर्वी ही परीक्षा अवश्य करावी.

पानांवरून होणारा बोध

पाने पिवळी पडली असता ती जुनी आहेत की नवी, हे प्रथम पाहावे. नत्र हे द्रव्य झाडात एका भागातून दुसऱ्या भागात सहज जाऊ शकते. त्याची उणीव पडली, म्हणजे झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पालवीस पुरविते; साहजिकच खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोहाचे तसे नाही. ते जुन्या पानांतून सहसा हलत नाही, म्हणून त्याची उणीव कोवळ्या पानांवर प्रथम उमटते. पान पिवळे वा पांढुरके होते, पण शिरा हिरव्याच राहतात व पानावर जाळी विणल्यासारखी दिसते. लिंबूवर्गीय झाडांत जस्ताच्या उणिवेने नवी पाने लहान व अरुंद होतात आणि शिरांच्या मधल्या भागात पिवळे डाग पडतात.

चुनखडीच्या जमिनीत लोहाची उणीव वारंवार आढळते. तेथे लोह मातीत नसते असे नव्हे. चुन्यामुळे ते मुळांना घेता येण्याजोग्या स्वरूपात राहत नाही. म्हणूनच बांधकामाचा चुना झाडाच्या आळ्यात टाकू नये. जस्ताच्या उणिवेवर दहा लीटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट व २५ ग्रॅम चुना मिसळून, गाळून, पानांवर फवारतात. लोहासाठी हिराकशीचा सौम्य फवारा उपयोगी पडतो. परंतु कुजलेले शेणखत व पालापाचोळा नियमित घालून माती सुधारणे हाच टिकाऊ उपाय होय.

पाणी व मुळे

परसातील झाडे पाण्याच्या अभावाने मरतात तशी पाण्याच्या अतिरेकानेही मरतात. आणि दोन्ही प्रसंगी पाने कोमेजतात, ही खरी अडचण आहे. पाण्याच्या अभावाने कोमेजलेले झाड पहाटे काहीसे टवटवीत दिसते व दुपारी माना टाकते. मुळे कुजलेल्या झाडाची पाने मात्र ओल्या जमिनीतही सकाळपासून मरगळलेली असतात. खात्री करून घेण्यासाठी बुंध्यापासून काही अंतरावर खुरप्याने वीतभर खोल माती उकरावी. मातीला कुबट वास येत असेल, बारीक मुळे काळी पडून त्यांची साल बोटांनी सहज सुटत असेल, तर पाणी ताबडतोब थांबवावे, साचलेल्या पाण्यास चर काढून वाट द्यावी व मातीचा वरचा थर हलक्या हाताने मोकळा करावा. निरोगी बारीक मुळे पांढुरकी व टणक असतात.

अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी बुंध्याशी नसून फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात. बुंध्यावर बादली ओतल्याने झाडाचा लाभ थोडा व साल कुजण्याचा धोका मोठा. यासाठी लिंबूवर्गीय झाडांना दुहेरी आळे करतात. बुंध्याभोवती हात-दीड हात अंतरावर मातीचा एक गोल वरंबा घालून आतील माती बुंध्याकडे चढती ठेवावी; दुसरा वरंबा फांद्यांच्या घेराच्या कडेने घालावा व पाणी या दोन वरंब्यांमध्येच द्यावे.

बुंधा व साल

झाडाच्या खोडातून दोन प्रवाह चालतात. मुळांनी शोषलेले पाणी लाकडातून वर चढते. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली मुळांकडे उतरते. म्हणून खोडाभोवती सालीचे एक पूर्ण कडे निघाले, तर वरची पाने काही दिवस हिरवीच राहतात. पण मुळे उपाशी पडतात व अखेरीस सर्व झाड मरते. रुतलेली तार किंवा बकरीने सोललेली साल यांचे गांभीर्य माणसास उशिरा कळते, ते याच कारणाने. तार दिसताच कापून काढावी. सालीचा काही भाग शाबूत असल्यास झाड बहुधा वाचते. पूर्ण कडे निघाले असेल व झाड मोलाचे असेल, तर जाणकार माळ्याकडून त्याच झाडाच्या कोवळ्या पण पक्व काड्या जखमेच्या खालच्या व वरच्या सालीत खोवून पूल बांधल्याप्रमाणे कलम करून घेता येते.

लिंबू, मोसंबी व संत्रा यांच्या बुंध्यातून डिंक पाझरू लागल्यास तो डिंक्या रोग समजावा. ओल्या जमिनीत वाढणाऱ्या फायटोफ्थोरा नामक बुरशीसदृश सूक्ष्म जीवामुळे तो होतो. बुंध्याशी चढविलेली माती प्रथम दूर करावी. कलमी झाडाचा डोळा भरलेला सांधा मातीखाली गेला असल्यास तो उघडा करावा. नंतर धारदार, स्वच्छ चाकूने कुजलेली साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडून काढावी व त्या जागी बोर्डो मलम लावावे. खरवडलेली साल गोळा करून जाळून टाकावी. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असे दोनदा सर्व बुंध्यास मलम लावल्यास रोगास पुष्कळ अटकाव होतो.

वाळलेली फांदी कापतानाही विवेक हवा. पूर्वी ती खोडाशी अगदी सपाट कापण्याचा प्रघात होता. अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शिगो यांनी १९७० नंतरच्या दशकात हजारो खोडे उभी चिरून पाहिली व असे दाखवून दिले की, झाड माणसाच्या कातडीप्रमाणे जखम भरून काढीत नाही; ते कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभारून त्यास कोंडून टाकते. ही शक्ती फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्यात विशेष असते. म्हणून कापताना ते कडे राखावे व लांब खुंटही ठेवू नये. फांदी जड असल्यास आधी खालून थोडा काप द्यावा, म्हणजे ती कोसळताना खोडाची साल ओरबाडली जात नाही.

किडींचा बंदोबस्त

पानांवर काजळी धरल्यासारखा काळा थर दिसला, तर रोगाचे मूळ त्या थरात शोधू नये. मावा, पिठ्या ढेकूण किंवा काळी माशी यांसारख्या रस शोषणाऱ्या किडी चिकट गोड द्रव टाकतात व त्यावर ही बुरशी वाढते. किडी गेल्या की काजळीही नाहीशी होते. खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल, तर किडी वर आहेत असे समजावे. कारण त्या गोड द्रवासाठी मुंग्या अशा किडींचे रक्षण करतात. परसातील झाडास निंबोळीचा अर्क बहुधा पुरेसा होतो. अर्धा किलो निंबोळ्यांचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्याने गाळावा, त्यात २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण दहा लीटर पाणी करावे व सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूसही फवारावे. १९६२ साली दिल्लीच्या परिसरात टोळधाड आली असता भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी निंबोळीच्या गराचे पाणी पिकांवर फवारून टोळ त्या पिकांस तोंड लावीत नाहीत असे दाखविले होते.

फवारणीची घाई मात्र करू नये. २००८ साली कोईमतूरच्या परिसरात पपईवरील एक परदेशी पिठ्या ढेकूण प्रथम आढळला व लवकरच महाराष्ट्रातही पसरला. औषधांनी तो आटोपेना. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणलेले सूक्ष्म परोपजीवी कीटक सोडल्यानंतर तो आवाक्यात आला. परसातही ढालकिडे, कोळी व पक्षी हेच काम निमूटपणे करीत असतात. जहाल औषधाने शत्रूबरोबर हे मित्रही मरतात.

लिंबाची कोवळी पाने कुरतडणारी अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते व मोठी झाल्यावर हिरवी होते. कढीलिंबावरही ती असते. लहान झाडावरील अळ्या हाताने वेचणे पुरेसे होते. वेचलेल्यांपैकी एक अळी झाकणास भोके पाडलेल्या बरणीत ताज्या पानांसह ठेवल्यास तिचा कोश व कोशातून निघणारे ठिपक्यांचे फुलपाखरू विद्यार्थ्यांना वर्गातच पाहावयास मिळते.

आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसल्यास भिरुडाची शंका घ्यावी. ही अळी खोड आतून पोखरते. भोक शोधून त्यात तार घालून अळी मारावी, रॉकेलमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा आत सारावा व भोक चिखलाने लिंपून टाकावे. आंब्यावरील बांडगूळ हिरवे असल्याने ते आंब्याचेच अंग वाटते. पण ते पाणी व क्षार आंब्याच्या फांदीतून ओढून घेते. फुलटोच्या पक्षी त्याची फळे खाऊन चिकट बिया फांद्यांवर टाकतो. बांडगूळ नुसते ओरबाडू नये. त्यास फळे धरण्यापूर्वी ते जेथे रुजले आहे त्याच्या वीतभर मागून फांदी कापावी.

नारळाची निराळी रीत

इतर झाडांची एक फांदी गेली तर दुसरी फुटते; नारळाला एकच कोंब असतो व तो मेला की झाड संपले. म्हणून नारळाच्या शेंड्याकडे सतत लक्ष असावे. झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसल्यास गेंड्या भुंगा आला आहे असे ओळखावे. तो आकडीने ओढून काढावा व कोवळ्या झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू समभाग भरावी. या भुंग्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात. खड्डा वेळोवेळी उलथून त्या वेचल्याशिवाय झाडावरचा उपाय अपुरा राहतो. खोडाच्या छिद्रातून तपकिरी द्रव व चघळलेला चोथा बाहेर येत असेल आणि खोडास कान लावल्यावर कुरतडल्याचा आवाज येत असेल, तर सोंड्या भुंग्याच्या अळ्या आत आहेत. चढण्यासाठी खोडात खाचा पाडल्या, म्हणजे या भुंग्याला आयतीच वाट मिळते.

पावसाळ्यात मधली कोवळी सुई फिकट पडून ओढताच हाती आली व तिला दुर्गंधी असली, तर तो कोंब कुजण्याचा रोग होय. वेळीच सर्व कुजका भाग काढून, बोर्डो मलम लावून, पाणी जाणार नाही असे झाकल्यास झाड वाचू शकते.

बोर्डो मिश्रण

फ्रान्समधील बोर्डो शहराजवळच्या मेदोक भागातील द्राक्षबागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत, ते वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून. १८८२ साली तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांच्या लक्षात आले की, त्याच वेली केवडा रोगापासून वाचल्या आहेत. त्यांनी प्रयोग करून १८८५ मध्ये ही कृती प्रसिद्ध केली.

फवाऱ्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद पाच लीटर पाण्यात व १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लीटर पाण्यात निरनिराळे विरघळवावेत. चुना गाळून घ्यावा. नंतर दोन्ही द्रव तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतून ढवळावेत. मलमासाठी तेवढाच मोरचूद व तेवढाच चुना एकूण एक लीटर पाण्यात घ्यावा. भांडी मातीची, लाकडाची किंवा प्लास्टिकची असावीत. लोखंडाची कदापि नसावीत. स्वच्छ लोखंडी चाकू मिश्रणात मिनिटभर बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला असे समजून चुन्याची निवळी आणखी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरून संपवावे.

मोरचूद विषारी आहे. त्याचे मिश्रण मोठ्यांनीच तयार करावे, मुलांच्या हाती देऊ नये व उरलेले विहिरीजवळ ओतू नये. जुन्या बागाईतीच्या पुस्तकांत डी.डी.टी. व बी.एच.सी. यांची शिफारस आढळते. ती आज मुळीच मानू नये. डी.डी.टी.चा शेतीतील वापर भारतात १९८९ साली बंद झाला व बी.एच.सी.वर १९९७ साली बंदी आली. ही द्रव्ये मातीत व प्राण्यांच्या शरीरात वर्षानुवर्षे साठून राहतात, असे सिद्ध झाल्यामुळे हे निर्णय झाले.

वाचविण्याचा हट्ट कोठे सोडावा

प्रत्येक झाड वाचेलच असे नाही. पपईची पाने चट्टेदार व दोरीसारखी अरुंद झाली आणि फळांवर वर्तुळे उमटली, तर तो मावा किडीने पसरविलेला विषाणुजन्य रोग होय. त्यावर औषध नाही. असे झाड दयेपोटी राखले, तर शेजारची निरोगी झाडेही जातात. ते उपटून पुरावे व नवी रोपे दूरच्या जागी लावावीत. सालीचा पूर्ण घेर कुजलेले लिंबू किंवा कोंब मेलेला नारळ यांवर श्रम खर्च करण्यापेक्षा त्यांच्या मृत्यूचे कारण निश्चित करावे व ते दूर होईपर्यंत त्याच खड्ड्यात त्याच जातीचे रोप लावू नये.

विद्यार्थ्यांची नोंदवही

शाळेच्या आवारातील प्रत्येक झाड चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटाकडे सोपवून त्याची नोंदवही ठेवण्यास सांगावे. पाऊस केव्हा पडला, पाणी केव्हा दिले, पालवी, मोहोर व पानगळ केव्हा झाली, कोणती कीड दिसली आणि झाडाभोवती काय बदल झाला, एवढ्याच नोंदी पुरेत. झाड आजारी पडल्यावर चौथ्या प्रश्नाचे उत्तर स्मरणावर अवलंबून न राहता वहीत मिळेल.

उपचारानंतर आजारी झाडास लगेच खत देऊ नये. नवी मुळे धरेपर्यंत माफक पाणी, पालापाचोळ्याचे आच्छादन व विश्रांती द्यावी. उपचार लागू पडला की नाही, हे जुन्या पानांवरून ठरवू नये. पिवळी पडलेली पाने बहुधा पुन्हा हिरवी होत नाहीत. ती गळूनच जातात. ती गळताना पाहून घरची मंडळी पुन्हा अस्वस्थ होतात व आणखी एखादे औषध शोधू लागतात. अशा वेळी फांद्यांच्या शेंड्यांकडे पाहावे. पुढील पालवी पूर्ण आकाराची व एकसारख्या हिरव्या रंगाची आली, की निदान बरोबर होते असे समजावे व तशी नोंद तारखेसह वहीत करावी.